झाकणाच्या आतला मासा

४ मार्च

मामा,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघी धडधाकट आहोत. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की तुझ्याआधी आमच्या शेजाऱ्यांना कळतं, म्हणून कागदावर लिहितेय. मामीची पाठ कशी आहे? तिला अंथरुणावरून उठवताना एकट्याने जोर लावू नकोस, तुझा स्वतःचाच खुबा अजून नवा आहे.

आता मुद्द्याचं. मी ज्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या घासत बसते, तिच्या कोपऱ्यावर जुन्या महागड्या घड्याळांचं एक दुकान आहे. काचेआड हिरव्या मखमलीवर पाच-सहा घड्याळं, किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या घातलेल्या. सोमवारी डबा खाऊन परत येताना सहज नजर गेली आणि पाय तिथेच थिजले. स्टीलचं, काळ्या तबकडीचं, तारखेवर भिंगाचा फुगवटा. बाबांचं घड्याळ, मामा. नाहीतर त्याचं जुळं भावंड.

बाबांच्या माघारी आमचा धाकटा घरातून निघाला तेव्हा तू नव्हतास. नोकरी गेली होती, काम शोधायला म्हणून चालला होता. बाबांचं घड्याळ त्याच्या हातात होतं. दारात आईला म्हणाला, ‘‘हे मनगटावर आहे तोवर मी ठीक आहे असं समज. जिवंतपणी हे काढणार नाही.’’ पुढे दोन-चार फोन आले आणि मग नंबरच बंद झाला. त्याला आता तीन वर्षं होतील. आई अजून तेच वाक्य धरून बसलीय. कोणी विचारलं की म्हणते, घड्याळ आहे ना त्याच्या हातात, मग झालं तर.

मग ते या काचेत काय करतंय? मी आत जाऊन विचारलं, कोणी विकलं? दुकानदार म्हणतो, विकणाऱ्याचं नाव-पत्ता असलेला कागद घड्याळाबरोबर जातो, घेणाऱ्यालाच मिळतो, चौकशी करणाऱ्याला नाही. किंमत ऐकून मी काउंटर धरला. साखळी, बांगड्या, बँकेतली ठेव, सगळं मोडलं तर जमेल. पण एकदाच जमेल. चुकीचं घड्याळ घेतलं तर हातात काहीच राहणार नाही.

तर मला दोन गोष्टी सांग. ते असली की नकली हे कसं ओळखायचं? आणि असली निघालं तर आपलंच आहे हे कशावरून ठरवायचं? डबा, कागदपत्रं बाबांनी कधी जपली नाहीत. घड्याळ उघडायचास तो फक्त तू. आईला यातलं काही माहीत नाही.

तुझी,
सरकार


११ मार्च

सरकारांस,

तुझं पत्र तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीचं अक्षर बिघडलंय.

नीट ऐक. पहिली गोष्ट, दुकानदाराच्या एका शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. तो गोड बोलण्याचंच खातो. घड्याळ मागून हातात घे आणि आधी बघूच नकोस, नुसतं तोल. खरं असेल तर अंगापेक्षा जड लागतं आणि पट्टा खुळखुळत नाही. मग सेकंदाचा काटा बघ. तो उड्या मारत नाही, सरकतो. मग तुझं कवळ्यांचं भिंग लाव. खऱ्या तबकडीवरच्या अक्षरांची कड सुरीने कापल्यासारखी असते, खोट्यावर शाई पसरलेली दिसते. तारीख चौकटीच्या बरोबर मध्ये हवी, एका अंगाला कललेली नको. कडेची चावीची घुंडी फिरवून सोडवताना तिचे आटे लोण्यासारखे फिरले पाहिजेत.

आणि हे सगळं जमलं तरी खरं आहे, खरं आहे म्हणत नाचू नकोस. हल्लीचे नकली माल बनवणारे असे पोचलेले आहेत की मलाही शेंडी लावतील. खरी ओळख झाकण उघडल्यावर पटते.

आपलं आहे का तेही तिथेच कळेल. आम्हा घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची एक रीत असते. साफसफाई झाली की झाकण लावायच्या आधी त्याच्या आतल्या अंगाला सुईने बारीक खूण ओरखडायची, खाली महिना आणि वर्ष. पुढे जो कोणी उघडेल त्याला कळतं की आधी कोणाचा हात लागलाय. गिऱ्हाइकाला ती जन्मात दिसत नाही. माझी खूण मासा. दोन वाकड्या रेघा, शेपटीपाशी एकमेकींना कापणाऱ्या. माझ्या टेबलावरून मासा न काढता एक घड्याळ उठलेलं नाही, मंत्र्याचं नाही की भंगारवाल्याचं नाही. दाजींचं तर मी दर दोन-तीन वर्षांनी उघडायचो. त्यात माशांची अख्खी पलटण असेल.

मासे दिसले तर डोळे झाकून विकत घे. माझ्याकडे जे असेल ते मीही पाठवतो. मासे नसतील तर ते आपलं नाही, विषय संपला. माझ्या वह्या दुकान विकताना रद्दीत गेल्या, त्यामुळे दुसरा पुरावा नाही, पण याहून चांगला पुरावा लागतो कोणाला?

धाकट्याला पहिलवान हे नाव मीच ठेवलं होतं, आठवतं? फुंकर मारली तर उडेल असा होता. सुट्टीत माझ्या टेबलाशी बसून चिमट्याने स्क्रू उचलायचा. मला विचारशील तर, मासा नसावा. तेवढंच मागणं आहे.

अक्काला कळू देऊ नकोस.

मामा


२० मार्च

मामा,

तुझी परीक्षा घेतली. जड आहे. काटा सरकतो. अक्षरांची कड भिंगाखाली इतकी स्वच्छ की आमच्या लॅबच्या मालकाला नेऊन दाखवावी. तारीख मधोमध. आटे मात्र लोण्यासारखे आहेत की तुपासारखे हे मला समजलं नाही, पण अडकले नाहीत. दुकानदार माझ्याकडे आधी कौतुकाने बघत होता, मग संशयाने. झाकण मात्र तो उघडत नाही. कारागीर फक्त गुरुवारी येतो, आणि आधी थोडी आगाऊ रक्कम ठेवा म्हणतो.

आता दुसरी बातमी. आईला कळलं. तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं आणि नेमकं त्याच दिवशी तिने चादर बदलायला काढली. मी कामावरून आले तर कॉटच्या कडेवर बसली होती, पत्र मांडीवर. वाटलं, आता रडारड, आता कोसळणार. तसं काहीच झालं नाही. तिने एवढंच विचारलं, ‘‘मासा काढायचा का तो? प्रत्येक घड्याळात?’’ मी म्हटलं, हो, तसं लिहिलंय. मग पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, मग तो सांगतो तसंच कर, मासा दिसला तर घे, नाही दिसला तर सोडून दे आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढू नकोस. आणि गेली भांडी घासायला.

आपल्याला वाटतं त्यापेक्षा ती खंबीर आहे, मामा. मीच उगाच इतके दिवस लपवाछपवी करत बसले.

सरकार


२५ मार्च

सरकारांस,

पत्र उशीखाली ठेवायला तू काय सोळा वर्षांची आहेस? असो.

आगाऊ पैसे ठेव, पावती घे. झाकण उघडताना कारागिराच्या हातावरून नजर हलवायची नाही. आतलं यंत्र चकचकीत आणि नक्षीदार दिसलं पाहिजे. प्लॅस्टिकचा तुकडा जरी दिसला तरी चालू लाग. आणि झाकण उजेडात तिरकं धर, सरळ धरलं तर खूण दिसत नाही.

अक्का शांत राहिली हे वाचून बरं वाटलं. लहानपणी ती साध्या गोष्टीवरून ‘टिक्या, टिक्या’ असा माझ्या नावाने ओरडा करून घर डोक्यावर घ्यायची.

मामा


२ एप्रिल

मामा,

मासा नाही.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला पुढचं शांतपणे वाचता येईल. गुरुवारी झाकण उघडलं. आतलं यंत्र तू लिहिलंस तसंच, बघत राहावं असं. कारागीरही म्हणाला, एकदम असली. मी झाकण हातात घेऊन तिरकं केलं, उलटं केलं, दिव्याखाली नेलं, भिंग लावलं. एका कडेला बारीक त्रिकोण आहे आणि खाली गेल्या वर्षीचा महिना. बाकी झाकण आरशासारखं कोरं. एकही मासा नाही.

मी त्या दुकानातच रडले. दुकानदाराला वाटलं, पैसे कमी पडले म्हणून रडतेय. बिचाऱ्याने पाणी दिलं आणि आगाऊ रक्कम न कुरकुरता परत केली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, चांगला सूटबूट, त्याने तेच घड्याळ मागितलं. मी म्हटलं, खुशाल घ्या, असली आहे, मी तपासलंय.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने डोळे मिटले आणि नुसती मान हलवली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. किती महिन्यांनी बघितलं तिला तसं जेवताना. माझाही जीव भांड्यात पडला. आपला पहिलवान कुठेतरी आहे, फोन करत नाही, नालायक आहे, पण घड्याळ घालून आहे.

तुझे उपकार कसे फेडू ते सांग. तुझ्या कवळीला फुकटात चकाकी आणून देईन.

सरकार


१० एप्रिल

सरकारांस,

शाबास. पत्र वाचलं आणि बरेच दिवसांनी दाढी केली. नालायक तर तो आहेच. आला की आधी मी कान पिळणार, मग तुम्ही काय ते करा. कवळीला चकाकी नको, ती चावते आहे, तिचं बघ.

एक गोष्ट मात्र सकाळपासून डोक्यात घुटमळतेय. तुला काळजी नको, नुसतं धंद्याचं कुतूहल. ते घड्याळ दाजींच्या घड्याळाचं जुळं भावंड म्हणतेस, म्हणजे तितकंच जुनं. इतक्या जुन्या झाकणात एकच खूण, आणि तीही गेल्या वर्षीची? मग त्याआधी इतकी वर्षं ते उघडलंच नाही? न उघडता ते चालूच शकत नाही, तेल सुकतं, बंद पडतं. म्हणजे कोणीतरी ते वेळच्या वेळी साफ करत होतं आणि खूण काढत नव्हतं. असला कारागीर मी तरी पाहिला नाही.

११ एप्रिल

काल पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरं झालं. की वाईट झालं.

रात्रीच्या जेवणाला तुझ्या मामीला हे कुतूहल सांगत होतो. ती घास चावता चावता थांबली आणि म्हणाली, अहो, दाजींच्या घड्याळावर तुम्ही कुठे मासा काढायचात? मी म्हटलं, काहीतरीच काय. तर तिने सगळं सांगितलं आणि तोंडात मारल्यासारखा मी बसून राहिलो. पहिल्यांदा ते घड्याळ घेऊन आले तेव्हा मी सुई उचलली, आणि दाजींनी माझं मनगट धरलं. म्हणाले, ‘‘झाकणाला सुई लावलीस तर तुझ्या बहिणीला कायमची माहेरी धाडीन.’’ सगळे हसलो. अक्काही तिथेच स्टुलावर बसून हसत होती. पुढे दर वेळी झाकण लागेपर्यंत दाजी माझ्या डोक्याशी उभे राहायचे. आयुष्यात त्या एका घड्याळावर मी मासा काढला नाही, आणि तेवढंच विसरलो. नियम लक्षात राहिला, अपवाद गेला. तुला लिहिताना छाती फुगवून लिहिलं, मंत्र्याचं नाही की भंगारवाल्याचं नाही.

ते आपलंच आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आपलं नाही असं मी सांगितलं ते खोटं होतं. हे पत्र मिळेल त्या पावली जा. काहीही मोड, पण घे. तुझ्या मामीच्या बांगड्या विकायला मी तिची परवानगी घेतली आहे. आणि तो त्रिकोण कोणाचा ते त्या कारागिराला विचार. दुकानाने साफ करून घेतलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. तसं नसेल तर गेल्या वर्षी कोणीतरी आपलं म्हणून ते जपत होतं. तो आपला पहिलवान असेल, नसेल.

मामा


१९ एप्रिल

मामा,

गेलं. सूटवाल्याने त्याच दिवशी घेतलं. मीच त्याला सांगितलं होतं ना, खुशाल घ्या म्हणून. रोख पैसे देऊन गेला, परदेशात राहणारा होता, दुसऱ्या दिवशीचं विमान होतं, नाव-नंबर काही ठेवलं नाही. कागद घड्याळाबरोबर गेला, त्याची नक्कल दुकानात ठेवलेली नाही. मी दुकानदाराच्या हातापाया पडायची बाकी राहिले. विकणारा माणूस आठवतो का, उंच, बारीक, डाव्या भुवईत खोक? तो म्हणाला, ताई, मी मनगट बघतो, तोंड नाही. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं. कारागिराने सांगितलं, त्रिकोण माझा नाही, आमच्याकडे ते आलं तेव्हापासून चालूच होतं, उघडायची वेळ आली नाही.

म्हणजे गेल्या वर्षी कुठल्या तरी गावात कोणीतरी ते साफ करून घेतलं. बास. एवढंच.

घरी आले आणि तुझं पत्र आईपुढे धरलं. स्टुलावर बसून हसत होतीस ना, म्हटलं. तुला माहीत होतं ना की बाबांच्या घड्याळात मासा नसणार? ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. नाही म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली, ‘‘माहीत होतं.’’

मग मी तिला काय काय बोलले ते तुला लिहिण्यासारखं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘त्या कागदावर कोणाचं नाव असतं? त्याचं असतं तर त्याने आपल्या हाताने विकलं, म्हणजे त्याला आपण नको आहोत. दुसऱ्याचं असतं तर कोणीतरी त्याच्या मनगटावरून काढलं. तिसरं काही असतं का? असेल तर सांग.’’ पण मला ते नाव हवं होतं, मामा. कुठलंही असतं तरी हवं होतं. ती एकटीच त्याची कोणी लागते का? तिने तिच्यासाठी ठरवलं आणि माझ्यासाठीही ठरवून टाकलं, आणि वर पोटभर जेवली.

मी तिच्याशी बोलत नाही. झाकणाचा फोटो मी उघडलं तेव्हाच काढून ठेवला होता. तो घेऊन जाते. एकेका गावातला एकेक घड्याळवाला बघेन. लॅबमध्ये सांगून टाकलंय.

तुझ्यावर राग नाही. तुझं वय झालं.

सरकार


२६ एप्रिल

सरकारांस,

राग नाही असं लिहून वर वय झालं म्हणालीस. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. माझ्याच फुशारकीने घात केला. माझ्या हातावर इतका भरवसा ठेवला की डोकं चालवायचं राहून गेलं.

पण हे मात्र ऐक, कारण हे मला पक्कं माहीत आहे. जाऊ नकोस. आमच्या खुणा कुठे नोंदवलेल्या नसतात. ज्याला जे सुचेल ते तो काढतो आणि मेला की त्याच्याबरोबर जातं. आणि त्रिकोण तर सगळ्यात वाईट. सुईने काढायला तोच सोपा, अर्ध्या लोकांची खूण तीच असते. तुला दहा त्रिकोणवाले भेटतील, दहाही म्हणतील आठवत नाही, आणि दहाही खरं बोलत असतील. रोज इतकी झाकणं हाताखालून जातात.

अक्कावर राग धर, हरकत नाही. पण घरात राहून धर. एका ताटावर बसून न बोलता जेवा. ते चालतं. मी आणि तुझी मामी एकदा महिनाभर तसे होतो.

निघाली नसशील अशा आशेवर हे आजच टाकतोय.

मामा


९ मे

टिक्या,

पत्र तिच्या नावचं होतं, मी फोडलं. ती त्याआधीच गेली होती. एक पिशवी, तो फोटो आणि अंगावरचे कपडे. मी दारात उभी राहिले, म्हटलं, पैसे पुरतील का? तर चपला घालत बसली. चपलेचा बंद लागत नव्हता, मी खाली वाकले, तर पाय मागे घेतला.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू चुकलास ते नकळत. मी कळून सवरून गप्प बसले. तुझं पहिलं पत्र मांडीवर घेऊन बसले होते तेव्हाच मला कळलं की तू विसरलास. एक शब्द बोलले असते तर ती त्याच दिवशी सगळं मोडून घड्याळ घेऊन आली असती. जिभेच्या टोकावर आलं होतं रे. पण मग तो कागद आला असता घरात. आणि मला वाचता येतं, हेच माझं नशीब. पोरगा कुठेतरी आहे एवढ्यावर मी तीन वर्षं काढली. अजून काढली असती. कोणाचं काय बिघडत होतं, असं वाटलं.

पोचल्याचा फोन पहिल्या गावाहून आला. नुसतं ‘पोचले’ म्हणाली. दुसऱ्या गावाहूनही आला. तिथे एक म्हातारा भेटला, तो त्रिकोणच काढतो म्हणे, पण त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालंय. त्यानंतर फोन नाही. मी केला तर बंद लागतो. बॅटरी संपली असेल असं पहिले दोन दिवस वाटलं.

शेजारीण परवा विचारत होती, मुलगी कुठे गेलीय? मी तोंड उघडलं, आणि सांगायला काही नव्हतं. मुलाबद्दल निदान ते घड्याळाचं वाक्य तरी होतं माझ्याकडे.

तुझ्याकडे आली तर तिला जेवायला घाल, आणि माझं काही सांगू नकोस. मला फक्त कळव. एकाचं कळू नये म्हणून मी तोंड मिटून बसले, टिक्या, आणि आता दोघांचंही काही कळत नाही.

अक्का